वादळात शिरून मोजमाप करणाऱ्या हरिकेन हंटर विमानांचा रेडिओ ऐकून लाइव्ह टाकावा का?

टॅम्पाकर: वादळ गल्फमध्ये (मेक्सिकोच्या आखातात) शिरलं की मी स्कॅनर, म्हणजे रेडिओवरची बोलणी पकडणारा रिसीव्हर, लावून बसतो. नोआची (अमेरिकेची सरकारी हवामान संस्था) पी-३ विमानं, कर्मिट आणि मिस पिगी, थेट वादळाच्या डोळ्यात (मधल्या शांत भागात) घुसतात आणि कंट्रोलशी बोलतात ते साध्या एएम रेडिओवर, कोडबिड काही नाही. अमेरिकेत विमानांचा रेडिओ ऐकणं कायदेशीर, विमान उडतंय आपल्या टॅक्सवर, मग ऐकलेलं ग्रुपवर टाकलं तर बिघडलं कुठे? मिल्टन वादळाच्या वेळी (ऑक्टोबर २०२४) लोक माझ्यावर तुटूनच पडले.

ढगफुटी: ऐका हो खुशाल, पण टाकू नका. तुम्ही ऐकता १४० नॉट (ताशी सागरी मैल), ते असतं १०,००० फुटांवरचं वारं. जमिनीवरचं काढायला साधारण ०.९ ने गुणतात, म्हणजे १२६. तुम्ही नुसतं १४० टाकलंत की वादळाची कॅटेगरी (तीव्रतेची पायरी, ५ सगळ्यात वरची) ४ ची ५ झाली, आणि इकडे लोक घर सोडायचं की थांबायचं ते त्यावर ठरवतायत.

टॅम्पाकर: मग गुणून टाकतो की! डेटा तसाही एनएचसीच्या (अमेरिकेचं राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र) साइटवर पब्लिकच असतो.

ढगफुटी: तेच म्हणतेय, विमानातून ३०-३० सेकंदांच्या नोंदी सॅटेलाइटने येऊन साइटवर पडतात, मग अर्धवट ऐकू आलेलं खरखरीतलं वाक्य कशाला?

लंडनची काकू: आमच्याकडे ब्रिटनमध्ये असलंच एक हवामान संशोधनाचं विमान 'मेटमन' या कॉलसाइनने (रेडिओवरच्या नावाने) उडतं, तर ते ऐकणंच २००६ च्या कायद्याने गुन्हा. आणि विमानांचं बोलणं पकडणारे एअरबँड रेडिओ दुकानात राजरोस मिळतात, घ्या!

एचएफ अण्णा: काकू, कायदा जाऊ दे. १९८९ चं ह्यूगो वादळ आठवा. नोआ ४२, म्हणजे हेच कर्मिट, १५०० फुटांवर घुसलं, तीन नंबरचं इंजिन पेटलं आणि विमान डोळ्यातच अडकलं, बाहेर पडायचं तर परत डोळ्याभोवतीच्या त्याच भयंकर वाऱ्याच्या भिंतीतून. हवाई दलाच्या टील ५७ या विमानाने वरून भिंतीत शिरून कुठे हादरे कमी आहेत ते शोधलं आणि रेडिओवरून सांगितलं, तेव्हा सुटले. त्या मधल्या वेळात कुणी "इंजिन पेटलं" एवढंच लाइव्ह टाकलं असतं तर क्रूच्या घरच्यांनी काय करायचं होतं?

टॅम्पाकर: अण्णा, लपवायचंच असतं तर उघड्या फ्रिक्वेन्सीवर बोलले नसते. बरं, आकडे सोडतो. विमान निघालं, डोळ्यात गेलं, परतलं, एवढं टाकीन.

ढगफुटी: ते तर फ्लाइटरडारवर (विमानं कुठे आहेत ते दाखवणारी साइट) पण दिसतं.