नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर धावणं कसं सुरू करायचं? आणि बीपीटीएचला (फिजिओथेरपीच्या पदवीला) जावं का?

तळजाई_पहाट: बहीण १७ वर्षांची, बारावी सायन्स, ३००० मीटर धावते. डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या थोडं वर दुखायचं. एक्स-रे साफ आला, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सहा आठवडे धावणं बंद होतं. चालताना दुखत नाही म्हणून गेल्या आठवड्यात सणस मैदानावर सलग २० मिनिटं पळाली, तिसऱ्या दिवशी तीच जागा ठणकायला लागली. सहा आठवड्यांत हाड भरत नाही का? दुसरं म्हणजे, आता फिजिओथेरपीच करायची असं तिने ठरवलंय. घरचे म्हणतात पाय बरा झाला की खूळ उतरेल. प्रवेश आणि अभ्यास कसा असतो?

नडगी_फिजिओ: एक्स-रे साफ येणं नेहमीचंच. सुरुवातीचे काही आठवडे बारीक चीर त्यात दिसत नाही, हाड भरायला लागल्यावर खूण उमटते. सहा आठवडे हा कमीत कमी काळ समजा, कित्येकांना बारा लागतात. शिवाय विश्रांतीत पोटरी सुकते. पोटरीच्या आतला सोलियस स्नायू धावताना शरीराच्या वजनाच्या कैक पट ताण झेलतो. तो कमजोर झाला की नडगीवरचा भार वाढतो. दम मात्र लवकर परत येतो, म्हणून मुलं पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळतात. घोळ तिथेच होतो.

आता आधी धावणं बंद, आणि ज्यांनी एमआरआय वाचला त्यांना परत दाखवा. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर असेल तर पुढचं काहीही घरी करू नका. ती जागा भरायला चिवट असते आणि तिथे पूर्ण मोड होण्याचा धोका जास्त.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर रोज अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर चाचपायची. नाण्याएवढ्या एकाच ठिकाणी दाबलं की 'आई गं' निघत असेल, तर अजून वेळ आहे. दुखत नसेल तर पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच उचलायची: वर जायला २ सेकंद, खाली यायला ३, बाराचे तीन सेट, दिवसाआड. आधी गुडघा ताठ, मग तेच गुडघा थोडा वाकवून, कारण सोलियसवर जास्त काम वाकवल्यावर येतं. सोपं झालं की एका पायावर, मग पाठीला दप्तर, त्यात ५ किलो पुस्तकं. (बारावीला ती कमी पडायची नाहीत.)

एका पायावर २५ वेळा टाच उचलता आली, ४५ मिनिटं झपाझप चालता आलं आणि त्याच पायावर १० उड्या न दुखता मारता आल्या, की १ मिनिट जॉग, २ मिनिटं चाल, असं आठ वेळा. दिवसाआडच. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरतानाचं पहिलं पाऊल काय सांगतं ते बघा. दुखलं तर एक टप्पा मागे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी अजिबात नको, धोक्याची घंटाच बंद होते.

बालेवाडी_कोच: ट्रॅकवर सगळे डावीकडेच वळतात, तेव्हा सुरुवातीला वळणं टाळून सरळ रेषेत पळू दे. टेकडी चढायला हरकत नाही, पण उतार पळत उतरू नये. ब्रेक लावताना नडगीला दणके बसतात. पावलं मोजा: मिनिटाला १६० पडत असतील तर त्याच वेगात १७० पर्यंत न्या. पाऊल आखूड पडतं, दणका कमी होतो. आणि एक विचारतो, राग मानू नका: पाळी नियमित आहे का? क्लासच्या धावपळीत जेवण कमी पडत असेल आणि पाळी चुकत असेल, तर हाड नीट भरणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, ड जीवनसत्त्वही तपासा.

शिकवतो_बीपीटीएच: महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून होतो, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. आतापर्यंत चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप असं होतं, २०२५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप एक वर्षाची केली आहे. त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच ठरवा.

मुलांचा गैरसमज हा, की कॉलेजात खेळाडूच भेटतील. पहिल्या वर्षी शरीररचना, फॉर्मॅलिनचा वास आणि पाठांतर. पुढे लकवा झालेल्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवणं, आयसीयूमध्ये छातीतला कफ सुटा करणं, गुडघा बदललेल्या आजींचा पाय मोजणं. त्यात गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाचा) मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक दांडी खुब्याच्या उंचवट्याकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. मध्य बोटभर सरकला की अंश चुकतात, आणि आजींची प्रगती कागदावर खोटी दिसते. खेळाची फिजिओथेरपी मुख्यतः एमपीटीला (पदव्युत्तर पदवीला), म्हणजे आणखी दोन वर्षं. व्यवसाय करायचा तर राज्य परिषदेची नोंदणीही लागते.

खूळ आहे की नाही ते घरात वाद घालून कळायचं नाही. परवानगी घेऊन एखाद्या रुग्णालयाच्या फिजिओ विभागात चार दिवस बसू दे, लकव्याच्या रुग्णांकडे. तिथे तिला कंटाळा आला तर घरच्यांचं बरोबर.

तळजाई_पहाट: पाळी दोन महिने चुकली आहे, आम्ही नीटच्या ताणावर ढकललं होतं. तोवर सायकल चालेल का?

नडगी_फिजिओ: आधी पाळीचं दाखवा, याच आठवड्यात. चालताना दुखत नसेल तर सायकल चालेल, पण बसूनच. पेडलवर उभं राहायचं नाही. गळ्याएवढ्या पाण्यात जॉगही चालतो. पण जेवण वाढल्याशिवाय दोन्ही नको, हाडाला लागणारं इंधन सायकलच खाऊन टाकेल.