नर्सिंगला फिजिओलॉजी-फार्मा शिकताना डोक्यात उजेड कधी पडला? सांगा आपापले अनुभव

पऱ्हाटीवाली
माही लहान बहीण यंदा बीएस्सी नर्सिंगले लागली. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याच्या कॉलेजात सायन्स, तिथं बेडूक फक्त फळ्यावर. आता पहिल्याच सेमिस्टरले अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी आलं, तिसऱ्या-चौथ्यात फार्मा (औषधशास्त्र) येणार ते आत्ताच सीनियर पोट्ट्यांनी सांगून तिले घाबरवून ठेवलं. रोज रातच्याले फोन, ताई एवढं कोण पाठ करन. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, आमच्यात आर्ट्सवाल्या होत्या ज्यांनी बायोलॉजीचं पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं, त्याही निघाल्याच न बाप्पा. पण तिले कसं समजवावं ते मले येऊन नाही राहिलं. म्हणून तुम्ही सांगा, वॉर्डात नाहीतर गावात असं काय दिसलं की पुस्तकातलं पटकन समजलं. "मन लावून अभ्यास कर" सांगणारे कृपा करून पुढं जा.

वावरातली सिस्टर
मी लिहिते, लांब होईल.

ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम (अंगातली आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसा) हा धडा आमच्या वर्गात कोणालेच समजला नव्हता. सिम्पथेटिक, पॅरासिम्पथेटिक, मस्करिनिक, निकोटिनिक, मॅडम फळ्यावर दोन रकाने आखायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो, बस. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घरी कास्तकारी. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर कास्तकार आणि मजूर गेले, ते आठवत असेल सगळ्यांना. पुढं कॅज्युअल्टीत पोस्टिंग लागली तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात असे पेशंट येतच होते, काही फवाऱ्याचे, काही पिऊन आलेले.

पहिला पेशंट पाहिला आणि तो रकाना जसाच्या तसा खाटेवर पडलेला दिसला. तोंडाला फेस, डोळ्यांत पाणी, अंगभर घाम, लघवी-संडास कपड्यात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, छातीत घरघर. म्हणजे पॅरासिम्पथेटिकची जितकी कामं लिहिली होती ती सगळी एकाच वेळी, ब्रेक नसल्यासारखी. नसांचा निरोप नेणारं ॲसिटिलकोलीन तयार होते आणि एंझाइम ते लगेच तोडते, हे जहर (ऑर्गॅनोफॉस्फेट) त्या एंझाइमलाच चिकटते म्हणून ते साचत जाते. एवढं डोक्यात बसलं की ॲट्रोपिन काऊन देतात हे पाठ करायची गरजच नाही. ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर (ॲसिटिलकोलीन जिथं बसते ती जागा) अडवून धरते, जहर काढत नाही. एंझाइम सोडवायला पाम (प्रॅलिडॉक्झिम), तेही लवकर, उशीर झाला की ते बंधन पक्कं होते.

आमच्या इन्चार्ज सिस्टर 0.6 मिलिग्रॅमचे ॲम्प्युल एकामागं एक फोडत राहायच्या आणि मला म्हणायच्या, डोळ्यात काय पाहतेस, छातीला स्टेथो लाव. छाती कोरडी झाली का, नाडी 80 च्या वर गेली का, बीपी काय, काखेत घाम आहे का. नुसत्या बाहुलीवर जायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी पेशंट बडबड करायला लागला, अंग गरम, चादरीतून काहीतरी वेचून राहिला, नातेवाईक म्हणे बाहेरचं लागलं, बाबाजीले बोलवा. ते बाहेरचं नव्हतं, ॲट्रोपिन जास्त झालं होतं.

आणखी एक, हे पुस्तकात दोन ओळीत असते. शुद्धीवर आला, बोलला, चहा मागितला, सगळे खूश, आणि एक ते चार दिवसांच्या मधात श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. ॲट्रोपिनचा तिथं उपयोग नाही कारण स्नायूवरचा रिसेप्टर निकोटिनिक. म्हणून राउंडला पेशंटला सांगायचं, उशीवरून डोकं उचलून दाखव. नाही उचललं तर डॉक्टरला लगेच फोन. तुझ्या बहिणीला सांग, मस्करिनिक-निकोटिनिकमधला फरक म्हणजे हे डोकं उचलणं.

कुरखेड्याकडची
आमच्या गडचिरोलीकडं सिकलसेल घराघरात. माझ्या मामेभावाला एसएस (म्हणजे आजार), मला स्वतःला एएस (म्हणजे फक्त वाहक). लहानपणापासून पाहत आले, थंडीत नाहीतर धान रोवणीच्या दिवसात भाऊ हातपाय धरून ओरडायचा आणि शेजारचे म्हणायचे नाटक करते. फिजिओलॉजीत हिमोग्लोबिन आलं तेव्हा सरांनी सांगितलं, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, बस एवढाच बदल. ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी झालं, थंडी लागली, इन्फेक्शन झालं की पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. चांगली लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसच. त्या दिवशी वर्गात मी एकटीच असेन जिला तो धडा लिहून घ्यावा लागला नाही.

सिकलसेलच्या हायड्रॉक्सीयुरिया गोळीचं पण तसंच. जन्माच्या वेळी बाळाचं जे हिमोग्लोबिन असते ते ही गोळी परत वाढवते आणि ते असलं की पेशी कमी वाकतात. पण महिने लागतात फरक दिसायला, गावात लोक पंधरा दिवसात सोडून देतात की गुण नाही आला. रक्ताची तपासणी चालू ठेवावी लागते आणि बाळंतपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरला सांगावं लागते. हे मी मामीला चुलीजवळ बसून समजावलं, परीक्षेत तेच लिहिलं.

दोन_चपात्या
औषधाच्या नावाचा शेवट पाहा: ओलॉल = बीटा ब्लॉकर, प्रिल = एसीई इन्हिबिटर, सार्टन = बीपीची, स्टॅटिन = कोलेस्टेरॉलची, प्राझोल = ॲसिडिटीची. शेपटी धरा, माणूस सापडते. माझा अनुभव एवढाच 😀

रिटायर व्हायला आलेली
तुम्ही सगळ्या पोरी समजून घ्या समजून घ्या म्हणून राहिल्या, छान आहे, पण मी उलटं बोलते. काही गोष्टी पाठच पाहिजेत, झोपेतून उठवलं तरी. समज कितीही असो, रात्री तीन वाजता वॉर्डात तीस पेशंट आणि तुम्ही एकट्या असता तेव्हा आकडाच वाचवते.

पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच नाही, पातळ करून, हळू. हो, याचंही फिजिओलॉजी आहे, पोटॅशियम पेशीच्या आत भरपूर, बाहेर रक्तात 3.5 ते 5 एवढंच, बाहेरचं एकदम वाढलं की हृदय थांबते. पण आधी "कधीच नाही" पाठ करा, कारण नंतर वाचा. थेंबांचं गणित: 500 मिली, 8 तास, 20 थेंबांचा सेट (1 मिलीत 20 थेंब), म्हणजे मिनिटाला 21 थेंब. तोंडी करता आलं पाहिजे, मोबाइल हुडकत बसायचं नाही. सेटच्या पाकिटावर थेंब किती ते आधी वाचायचं, 15 चा असला तर उत्तर बदलते.

ब्रदर म्हणा
गावात मला अजूनही "नर्सबाई" म्हणून चिडवतात, असो. मला अल्फा रिसेप्टर (रक्तवाहिनी आवळायचं बटण) विंचवानं शिकवला. लाल विंचू चावला की अंगात अ‍ॅड्रिनालीन-नॉरअ‍ॅड्रिनालीनचा पूर येते, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार, घाम, उलटी, आणि जास्त झालं तर फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन वापरून दाखवलं, ती मूळची बीपीची गोळी, अल्फा ब्लॉकर. साधी गोळी, पीएचसीत ठेवता येते. फक्त गोळी दिल्यावर पेशंटला झोपूनच ठेवायचं, पहिल्या डोसनं बीपी खाली येते, उठून बाहेर लघवीले गेला की दारातच पडन. आमच्याकडं एक बुढा ऐकतच नव्हता, त्याच्या नातवालेच पायावर बसवलं.

लेबर रूम
वावरातल्या सिस्टरनं ॲसिटिलकोलीन सांगितलं म्हणून मला मॅगसल्फ आठवलं. झटके आलेली गरोदर बाई, मॅग्नेशियम सल्फेट चालू. तिथं उलटं असते, स्नायूपाशी ॲसिटिलकोलीन सुटणंच मॅग्नेशियम कमी करते. म्हणून पुढच्या डोसच्या आधी तीन गोष्टी: गुडघ्याचा झटका (हातोडीनं ठोकल्यावर पाय उडते तो) आहे का, श्वास मिनिटाला 16 तरी आहे का, लघवी 4 तासात निदान 100 मिली झाली का. लघवी काऊन? कारण मॅग्नेशियम किडनीतूनच बाहेर जाते, लघवी थांबली की ते आत साचते. आधी गुडघ्याचा झटका जाते, नंतर श्वास, म्हणजे शरीर आपल्याला आगाऊ सांगते. कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅग्नेशियमवरचा उतारा) सिरिंजजवळ काढून ठेवायचं. तालुक्याच्या ठिकाणी नी हॅमर कपाटाच्या मागं पडलेला असते, ड्यूटीवर आल्याबरोबर पहिले तो शोधायचा.

पऱ्हाटीवाली
बहिणीले सगळं वाचून दाखवलं, डोकं उचलायचं ऐकून ती गप्पच बसली आणि मग म्हणे फोन ठेव, धडा काढते 🙏 रिटायर व्हायला आलेल्या मावशी, तुमच्या पाठ करायच्या आकड्यांत इन्सुलिनचं राहिलं. तिच्या वर्गात सगळे गोंधळून आहेत, एका मिलीत 40 युनिटवालं आणि 100 युनिटवालं.

रिटायर व्हायला आलेली
वायलवर 40 लिहिलं असेल तर लाल टोपीची सिरिंज, 100 असेल तर केशरी टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये बहुतेक 100 चं असते, ते लाल टोपीच्या सिरिंजनं कधी ओढायचं नाही. सिरिंजवर 20 दिसन आणि पेशंटच्या अंगात 50 युनिट जाईन. तिला म्हणा, दोन्ही सिरिंजा हातात धरून रेषा मोजून पाहा, आणि घरी कोणाला शुगर असेल तर त्यांची सिरिंज कोणत्या टोपीची ते आजच तपास.