फायलॉलॉजीला मराठीत काय म्हणायचं?

खारी_बिस्कीट
मंडळी मदत हवीये. माझी मावसबहीण जर्मनीत युनिव्हर्सिटीत प्राचीन इजिप्तची भाषा शिकवते, पुढच्या महिन्यात ठाण्याला येतेय तर आमच्या वाचनालयाने तिचं व्याख्यान ठेवलंय आणि पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. तिच्या पदाचं नाव आहे इजिप्शियन फायलॉलॉजीची प्राध्यापक. मी 'भाषाशास्त्र' लिहिलं तर ती म्हणे नको, ते लिंग्विस्टिक्स झालं. मग सेक्रेटरी काकांनी परस्पर 'चित्रलिपीतज्ज्ञ' करून टाकलं, ते वाचून ती फोनवर हसतच सुटली. आता लिहायचं तरी काय?

खवट_पुणेकर
भाषाशास्त्र चुकीचं नाही हो, जुनं आहे. १८७७ साली रा. गो. भांडारकरांनी मुंबईत विल्सन फायलॉलॉजिकल लेक्चर्स दिली, संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर. तेव्हा फायलॉलॉजी म्हणजे भाषेचा इतिहास, तुलना, जुने ग्रंथ असं सगळं एकाच पिशवीत. पुढे लिंग्विस्टिक्स वेगळं राहायला गेलं आणि जाताना 'भाषाशास्त्र' हा शब्दही उचलून घेऊन गेलं. फायलॉलॉजी बसलीये उघड्यावर.

चिंगी
पण चित्रलिपीतज्ज्ञमध्ये हसण्यासारखं काय आहे? घुबड, साप, डोळा, चित्रंच तर असतात की

नाईलकाठची_काकू
चिंगी, चित्रं आहेत पण वाचताना ती चित्रं म्हणून वाचायची नसतात. घुबड आलं की पक्षी नाही, नुसता 'म' हा आवाज. घराच्या नकाशासारखा एक चौकोन असतो खालून उघडा, तो 'प-र', अर्थ घर. त्याच चौकोनाच्या पुढे 'र' आणि मग चालणारे दोन पाय काढले की झालं 'बाहेर पडणे'. पाय उच्चारायचे नाहीत, ते फक्त सांगतात की बाबा इथे हालचाल चाललीये. म्हणजे काही खुणा आवाजाच्या, काही अर्थाच्या, आणि दोन्ही एकाच शब्दात शेजारी शेजारी. हे ही लिपी उलगडणाऱ्या फ्रेंच अभ्यासक शाँपोलियोंने सप्टेंबर १८२२ च्या त्या प्रसिद्ध पत्रात आणि मग पुढच्या दोनेक वर्षांत मांडलं. त्यालाही दोनशे वर्षं होऊन गेली, तरी लोकांना अजून वाटतं ही माणसं रोज सकाळी उठून लिपी उलगडत बसतात. लिपी विद्यार्थ्याला पहिल्या सेमिस्टरमध्येच बऱ्यापैकी येते. रडायची वेळ त्यानंतर.

(लंडनला असताना संध्याकाळच्या वर्गात मिडल इजिप्शियन, म्हणजे त्या भाषेचा मधला टप्पा, शिकलेय, गार्डिनरचं जाडजूड व्याकरण अजून कपाटात आहे. १९२७ चं पुस्तक, पण आजही कुणी ना कुणी त्यावरूनच सुरुवात करतं.)

भटक्या
त्यानंतर रडायचं का? लिपी आली की डिक्शनरी घ्यायची आणि वाचायचं ना

नाईलकाठची_काकू
अरे स्वर लिहीतच नाहीत ते! 'सेजेम' म्हणजे ऐकणे, बैलाचा कान आणि घुबड, पुढे शिंगवाल्या सापाचा 'फ' लावला की 'सेजेमेफ', तो ऐकतो. यातले 'ए' आपण पदरचे घातलेत, तोंडाने म्हणता यावं म्हणून. खरे स्वर काय होते ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे 'तो ऐकतो', 'त्याने ऐकावं', 'तो ऐकतो तेव्हा' ही वेगवेगळी रूपं पानावर बऱ्याचदा डिट्टो सारखी दिसतात. मग कुठलं कुठे आहे ते कसं कळायचं?

तर पोलोत्स्की नावाचे जेरुसलेमचे प्राध्यापक होते, ते उलट्या बाजूने आले. कॉप्टिक ही त्याच भाषेची शेवटची पायरी, ती ग्रीक अक्षरांत लिहितात (अधिक डेमॉटिक या उशिराच्या इजिप्शियन लिपीतली काही), म्हणून तिच्यात स्वर दिसतात. तिच्यात क्रियापदाची एक जात अशी सापडते की वाक्याचा जोर क्रियापदावर नसतोच. आपण 'तो काल आला' म्हणतो आणि 'तो आला तो काल' म्हणतो, बातमी तीच पण दुसऱ्यात सगळं वजन 'काल'वर. पोलोत्स्कींनी १९४४ मध्ये हे कॉप्टिकसाठी मांडलं आणि मग दोन-अडीच हजार वर्षं मागे जाऊन जुन्या इजिप्शियनमध्येही तसंच दाखवलं. त्यावर पुढची कित्येक वर्षं भांडणं, अजूनही कुणी पूर्ण मानतं कुणी अर्धं. पण भाषांतरं बदलली ना त्याने. ही फायलॉलॉजी.

खवट_पुणेकर
उत्तम. डिक्शनरीचं निघालंच म्हणून सांगतो, ती पण आयती मिळाली नाही कुणाला. बर्लिनला एरमान या जर्मन अभ्यासकाने १८९७ मध्ये इजिप्शियन कोशाचं काम काढलं. देवळांच्या भिंती, पपायरस, दगड, जे मिळेल त्याचे तीसेक शब्दांचे उतारे चिठ्ठ्यांवर उतरवायचे, उताऱ्यात जितके शब्द तितक्या प्रती, प्रत्येक प्रतीवर एकेका शब्दाला खूण, आणि ती चिठ्ठी त्या शब्दाच्या खणात. अशा पंधरा लाखांच्या आसपास चिठ्ठ्या, आणि मुख्य पाच खंड छापून निघाले १९२६ ते १९३१. हे ऐकून ज्यांना अचंबा वाटतोय त्यांनी येरवड्याला डेक्कन कॉलेजात चक्कर मारावी. तिथे १९४८ पासून संस्कृत महाकोशाचं काम चालू आहे, कात्र्यांनी सुरू केलेलं, आणि चिठ्ठ्या कोटीच्या घरात. आपल्याकडे फायलॉलॉजीला शब्द नसेल पण कपाटं आहेत.

माझी सूचना: 'ग्रंथविद्या'.

नाईलकाठची_काकू
ग्रंथविद्या नाही चालणार पुणेकर, कारण अर्ध्याहून जास्त मजा ग्रंथात नाहीचे. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक मोठा तुकडा आहे, दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाचा. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचं हजेरीबुक समजा. उजवीकडे चाळीस नावं, प्रत्येकासमोर गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत, आणि तारखेच्या वर लाल शाईत कारण. डोळे आलेत, विंचू चावला, बियर गाळत होता. बियर हे चालणारं कारण होतं हं, सणासुदीला घरी गाळायचीच असायची. आणि हे सगळं हायरॅटिकमध्ये, म्हणजे हायरोग्लिफ (ती चित्रांची लिपी) बालबोध धरलं तर हे मोडी, भरभर लिहिलेलं. आधी ते हायरोग्लिफमध्ये उतरवून घ्यायचं, पुसलेल्या जागी काय असेल त्याचा अंदाज बांधायचा, तो अंदाज चौकटी कंसात टाकायचा, मग अर्थ. याला ग्रंथ कुठल्या तोंडाने म्हणू?

चिंगी
लाल शाईत बियर 😂 आमच्या एचआरला दाखवते

भटक्या
एक प्रॅक्टिकल प्रश्न, यावर पोट भरतं का? भाची बारावीला आहे आणि तिला हेच करायचंय म्हणते, जर्मन शिकायला पण लागली

खारी_बिस्कीट
ताईला विचारून सांगते भटक्या. (पाच मिनिटांनी) ती म्हणते जर्मन शिकतेय हे फार छान, फ्रेंच पण लागेल कारण निम्मं लिखाण त्या दोन भाषांत आहे. नोकऱ्या मात्र मोजक्या, एक प्राध्यापक रिटायर झाला की सगळं जग अर्ज करतं, आणि तोवर दोन-दोन तीन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर गाव बदलत राहायचं. तिची स्वतःची पर्मनंट पोस्ट चाळिशी ओलांडल्यावर झाली.

नाईलकाठची_काकू
भाचीला चेर्नींची गोष्ट सांगा. देर अल मदीनाच्या त्या कामगारांच्या गावावरचा सगळ्यात मोठा अभ्यासक, पण सुरुवातीला प्रागमध्ये बँकेत नोकरी करत होता आणि ती सांभाळून हे. शेवटी १९५१ मध्ये ऑक्सफर्डचा प्राध्यापक. आणि मिरियम लिख्टहाइम! पोलोत्स्कींची विद्यार्थिनी, शिकागोहून पीएचडी, आणि नोकरी ग्रंथपालाची, शेवटी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, सोबत शिकवायच्याही. त्यांनी केलेल्या इजिप्शियन साहित्याच्या भाषांतरांचे तीन खंड १९७३ ते १९८० मध्ये आले, आणि इंग्रजीतून इजिप्त वाचणाऱ्यांच्या कपाटात ते असतातच. पद काय होतं ते आता कोण विचारतं. पण हो, घरभाडं तेव्हाही द्यावं लागतच असेल, त्यामुळे भाचीला हातात दुसरं काहीतरी ठेव म्हणावं.

खवट_पुणेकर
विषयावर या. ग्रंथ नको तर 'संहिता' घ्या. टेक्स्टला समीक्षेत संहिताच म्हणतात.

चिंगी
संहिता लिहिलं तर ठाण्यातले सगळे वकील येऊन बसतील

खवट_पुणेकर
येऊ देत, खुर्च्या भरतील. बरं, मग 'लेख' घ्या. शिलालेख, ताम्रपट, खापर, पपायरस, सगळं त्यात बसतं आणि मराठी माणसाला कोरीव लेख ऐकून माहितीये. नुसतं 'लेख' लिहिलंत तर वर्तमानपत्रातला वाटेल, म्हणून मागे 'प्राचीन' लावा. आणि इंडॉलॉजीला भारतविद्या म्हणतो तसं इजिप्तॉलॉजीला 'इजिप्तविद्या', यात कुणाची हरकत नसावी.

नाईलकाठची_काकू
हे जमलं. फायलॉलॉजीला एक शब्द शोधायचा हट्ट सोडा, ती बाई काय करते ते लिहा.

खारी_बिस्कीट
ताईला पाठवलं, तिला पसंत आहे. फायनल: 'प्राध्यापक, इजिप्तविद्या: भाषा आणि प्राचीन लेख'. सेक्रेटरी काकांनाही पाठवलं, ते म्हणतात मजकूर ठीक आहे पण वर ममीचा फोटो टाकणारच, त्याशिवाय हॉल भरत नाही.