दादरच्या गच्चीसाठी गॅस ग्रिल: तीन बर्नरचा घ्यावा की दोन बर्नरचा? (एक चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

आठवा मजला

दादर पश्चिमेला आठव्या मजल्यावर फ्लॅटला लागून स्वतःची उघडी गच्ची आहे, 10 बाय 12 फूट. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. सोसायटीची लेखी परवानगी मिळाली आहे, पण फक्त गॅसला, कोळशाला नाही. घरात पाइप गॅस आहे, सिलिंडर नाही.

दोन ग्रिल नजरेत आहेत. पहिला अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेला: तीन बर्नर आणि एक साइड बर्नर (बाजूची छोटी शेगडी), एकूण तासाला 36,000 बीटीयू (उष्णतेचं माप), जाळी 24 बाय 18 इंच, 'फुल स्टेनलेस'. दुसरा इथलाच: दोन बर्नर, 20,000 बीटीयू, बिडाची जाळी 18 बाय 14 इंच, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. सहा-आठ माणसांचं जेवण असेल. मासे जास्त, शिवाय चिकन, पनीर, कणसं.

36,000 म्हणजे जवळजवळ दुप्पट तापेल ना? पाइप गॅसला जोडता येईल का? आणि स्टेनलेस घेतल्यावर खाऱ्या हवेची चिंता मिटते का?

जेट आणि पाना

बीटीयूचा आकडा एकटा वाचला की फसायला होतं. आधी त्यातून साइड बर्नर वजा करा. त्याचा आकडा पाटीवर वेगळा दिलेला असतो. समजा 9,000 आहे. मग जाळीखाली उरतात 27,000. जाळी 432 चौरस इंचांची, म्हणजे दर चौरस इंचाला साधारण 62. दुसऱ्या ग्रिलचे 20,000 फक्त 252 चौरस इंचांवर पडतात, म्हणजे 79. साध्या बर्नरच्या ग्रिलला 80 ते 100 चांगले, 60 पुरतात ते इन्फ्रारेड बर्नरला. थोडक्यात, तुमच्या यादीतला थोरला ग्रिलच जास्त थंड आहे. जाळीचं माप घेताना वरची वॉर्मिंग रॅकही (शिजलेलं गरम ठेवायची छोटी जाळी) धरू नका. जाहिरातीत ती बिनदिक्कत मिळवलेली असते.

गॅसचा हिशेब: 1 किलो एलपीजीतून सुमारे 43,000 बीटीयू मिळतात. 5 किलोच्या सिलिंडरवर, सगळे बर्नर पूर्ण आचेवर ठेवले तर पहिला (साइड बर्नर न लावता) सुमारे 8 तास चालेल, दुसरा जवळपास 11 तास. हा छोटा सिलिंडर कनेक्शनशिवाय, ओळखपत्र दाखवून गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो. रेग्युलेटर त्याच ठिकाणी, त्याच सिलिंडरवर बसवून बघून घ्या. किती गॅस उरलाय ते हलवून कळत नाही. वजन करा आणि सिलिंडरवर लिहिलेलं रिकामं वजन त्यातून वजा करा.

आता पाइप गॅस. हा मुख्यतः मिथेन असतो आणि घरात साधारण 21 मिलिबार दाबाने येतो. एलपीजीचा घरगुती रेग्युलेटर 30 मिलिबार देतो, शिवाय एलपीजीच्या एक घनमीटर वायूत मिथेनच्या जवळपास तिप्पट उष्णता असते. म्हणून तेवढीच आच हवी तर पाइप गॅसच्या जेटचं (गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या तोटीचं) भोक व्यासाने सुमारे 1.4 पट मोठं लागतं. एलपीजीचा ग्रिल तसाच पाइपला जोडला तर ज्योत समईएवढी राहील. उलट केलं तर पिवळी, काजळी धरणारी लांब ज्योत उठेल आणि भुवया जातील. हाताने ड्रिल मारून जेट मोठं करणारे लोक भेटतात, त्यांना गच्चीवर चढू देऊ नका. भोक गोल राहत नाही आणि ज्योत तिरकी जाते. त्याच मॉडेलचा जेट-संच कंपनीकडून मिळत असेल तरच पाइप गॅसचा विचार करा, आणि गच्चीपर्यंत लाइन महानगर गॅसकडून रीतसर अर्ज करून घ्या. संच मिळत नसेल तर 5 किलोचा सिलिंडर बरा.

अमेरिकन ग्रिलचा दाब ही खरी अडचण नाही. तिकडचं माप 11 इंच पाण्याचा स्तंभ, म्हणजे 27 मिलिबारच्या आसपास. अडचण जोडाची आहे: त्याचा आट्यांचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसतच नाही. इथला रेग्युलेटर, सुरक्षा होज आणि ग्रिलच्या टोकाला योग्य आट्यांचं पितळी नोझल, एवढं बदलावं लागेल. तिकडे निव्वळ प्रोपेन असतो, आपल्याकडे ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण. म्हणून ज्योतीची टोकं पिवळी दिसली तर बर्नरच्या तोंडाची हवेची झडप किंचित उघडा. हॉटेलच्या भट्टीचा, चावी फिरवून दाब वाढवायचा रेग्युलेटर मात्र कुणी फुकट दिला तरी लावू नका.

होज दीड मीटरपेक्षा लांब नको, आयएसआय मार्कचाच हवा, दोन्ही टोकांना क्लिप हवी आणि पाच वर्षांनी बदलायचा. जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली साचतो. तुमच्या गच्चीचा कठडा भरीव असेल तर तो तिथेच तळ्यासारखा राहील. सिलिंडर उभाच ठेवा, पाणी वाहून जायच्या भोकापासून आणि हॉलच्या दारापासून लांब. वास आला तर नॉब आणि रेग्युलेटर बंद, दिव्याचं बटण दाबायचं नाही, आणि 1906 वर फोन करायचा.

खारं वारं

'फुल स्टेनलेस' ऐकलं की खिशातलं लोहचुंबक काढायचं. झाकणाला घट्ट चिकटलं तर बहुतेक 430 जातीचा स्टेनलेस पत्रा. समुद्राजवळ त्यावर एका पावसाळ्यात तपकिरी डाग येतात. 304 ला चुंबक जवळपास धरत नाही आणि ते जास्त टिकतं, पण मिठाने त्यालाही बारीक खड्डे पडतात. 316 त्याहून चांगलं, पण घरगुती ग्रिलमध्ये क्वचित दिसतं आणि किंमत चढते. ओतीव अ‍ॅल्युमिनियम गंजून त्याला भोकं पडत नाहीत, म्हणून या बाबतीतही माझं मत दुसऱ्याला.

बॉडीपेक्षा बर्नर बघा, आधी मरतो तो. पातळ पत्र्याच्या नळीला भोकांच्या रांगेतच चीर जाते. 304 ची जाड नळी किंवा पितळी बर्नर बघा, आणि सुटा बर्नर मुंबईत मिळतो का हे दुकानदाराकडून आधी वदवून घ्या. नाहीतर तिसऱ्या वर्षी अख्खा ग्रिल भंगारात जातो.

जाळी नुसत्या बिडाची असेल तर बिडाच्या तव्यासारखीच वागवायची: धुतली की कोरडी करून तेलाचा हात. बिडावर एनॅमल असेल तर कालथा आपटू नका, टवका उडाला की गंज तिथूनच आत शिरतो. स्टेनलेसवर ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात नको, त्यातलं क्लोराइड मिठाचंच काम करतं. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवा.

कव्हरबद्दल सगळे उलटं करतात. ग्रिल गरम असतानाच झाकतात आणि आतल्या आत दमट करून ठेवतात. पूर्ण थंड झाल्यावर, खालून हवा खेळेल असं झाका. जून ते सप्टेंबर वापरणार नसाल तर जाळ्या आणि बर्नर काढून घरात ठेवा, सिलिंडर सोडवा आणि बर्नरच्या तोंडावर बारीक जाळी बांधा. कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर करते. मग गॅस पुढे जात नाही, तोंडाशीच पेटतो आणि नॉब वितळतात. ऑक्टोबरात पहिल्यांदा पेटवण्याआधी नळीतून बाटली धुवायचा ब्रश फिरवाच.

आठवा मजला

दोघांनाही धन्यवाद, 62 विरुद्ध 79 हे डोक्यातच आलं नव्हतं. पण दोन बर्नरवर आठ जणांचं होईल का? आणि पापलेट जाळीला चिकटतं त्याला इलाज काय?

निखारा नाही

होतं, एका वेळी नाही. 18 बाय 14 वर तीन मध्यम पापलेटं आरामात बसतात. एक बर्नर पूर्ण आणि दुसरा बंद ठेवायचा: पेटत्या बाजूला रंग आणायचा, बंद बाजूला झाकण लावून आतपर्यंत शिजवायचं. हाडासकट चिकनला हाच मार्ग, नाहीतर वरून कोळसा आणि आत कच्चं. सुई-थर्मामीटर घ्या आणि मांसात 74 अंश बघा. झाकणावरचा काटा झाकणाखालच्या हवेचं तापमान सांगतो, जाळीचं नाही.

पापलेट चिकटतं कारण जाळी थंड असते आणि मासा ओला. झाकण लावून 12 ते 15 मिनिटं पूर्ण आच. मसाला लावलेला मासा फडक्याने टिपून त्यावर तेलाचा हात. ठेवल्यावर चार मिनिटं ढवळाढवळ नाही. खालची बाजू भाजली की तो आपणहून सुटतो. कालथ्याला अडला तर अजून एक मिनिट थांबा. बांगडा तेलकट असल्याने त्याची चरबी ठिबकून भडका उडतो, त्याला बंद बाजूला ठेवा. तारेचा ब्रश टाळा, तुटलेली तार घासात येते. काट्यात खुपसलेला अर्धा कांदा गरम जाळीवर घासला की काम होतं.

साइड बर्नरचे पैसे मी तरी देणार नाही. गच्चीवरच्या वाऱ्यात त्यावर चहासुद्धा धड उकळत नाही.

जेट आणि पाना

वाऱ्यावरून एक राहिलं. तुमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून, समुद्रावरून येणार. ग्रिलची पाठ तिकडे करू नका. मागच्या फटीतून वारा आत शिरून गरम हवा पुढे नॉबवर ढकलतो. आणि दुकानात एक विचारा: ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का? ती सोय नसेल तर झाकण लावून आत जाऊन बसायचं नाही. पेटवताना झाकण उघडंच ठेवा. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा. ठिणगीच पडत नसेल तर बॅटरी आणि ठिणगीच्या टोकाचं बर्नरपासूनचं अंतर बघा, 3 ते 5 मिलिमीटर हवं. तेलाच्या थराखाली ते टोक बुजलेलं असतं.