गोव्यातल्या कांदोळीत ब्रिटिश जेवण: बाबांना नेऊ का?

म्हापशेकरीण: बाबा पुण्याहून येताहेत, त्यांना संडे रोस्ट, म्हणजे रविवारचं भाजलेल्या मांसाचं ब्रिटिश जेवण, खायचंच आहे. किनाऱ्याजवळच्या त्या ब्रिटिश पद्धतीच्या हॉटेलाबद्दल कोणी भरभरून बोलतं, कोणी नाक मुरडतं. खरं काय?

पर्वरीकर: जानेवारीत नक्की न्या. तेव्हा ब्रिटिश पाहुणे असतात, रोस्ट ताजा मिळतो. सोबत येणारं यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं हं. मैदा, अंडी, दुधाचं, ग्रेव्हीत बुडवून खायचं. आमचं मस्त फुगलेलं, कडा कुरकुरीत. बाबांना आवडेल!

फोंडेकर: आमची पावसाळ्यात निराशा झाली. फिश अँड चिप्समधला तळलेला मासा बर्फातला, वरचं आवरण तेलकट. १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, तेव्हा फिश अँड चिप्स नकोच. एरवी चोणक मासा आहे का, विचारा.

म्हापशेकरीण: मग जानेवारीच. टेबल आधीच सांगून ठेवते.