‘मत्स्यसाठा’: साठा म्हणजे बर्फातला का?

साकोलीहून: आमच्या मच्छीमार संस्थेच्या प्रशिक्षणासाठी एक टिपण मराठीत करतोय. पॅसिफिकमधला हेक मासा अमेरिका आणि कॅनडा मिळून मोजतात, त्याबद्दल. ‘स्टॉक असेसमेंट’ला ‘संयुक्त मत्स्यसाठा मूल्यांकन’ लिहिलं. वाचून दाखवलं तर एक म्हातारे ढीवर म्हणाले, “साठा? काहून, बर्फात ठेवली का मासोळी?” दुसरा शब्द सुचवा.

ब्रह्मपुरीहून: साठा राहू द्या. धरणाचा जलसाठा आपण पेपरात वाचतोच की. पाणी येतं, जातं, उरतं तो साठा. इथंही पिल्लं वाढून भर पडते, मरण आणि मासेमारीनं घट होते. खटकतं ते ‘मूल्यांकन’. किलोचा भाव काढल्यासारखं वाटतं. ‘अंदाज’ म्हणा. बोटीवरून ध्वनिलहरी सोडून थवे शोधायचे, जाळ्यानं नमुना काढायचा, माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजून वय ठरवायचं, मग गणित. अंदाजच तो.

साकोलीहून: मग सरळ ‘पैसेवारी’?

दारव्ह्याहून: मोह होतो खरा! हेकच्या नियमात, मासेमारी झालीच नसती तर अंडी घालण्याजोग्या माशांचं जे वजन असतं, त्याच्या 40 टक्क्यांखाली साठा गेला की पकड कमी करत नेतात. 10 टक्क्यांपर्यंत घसरला की पकड शून्य. आपल्या 50 पैशांच्या रेषेची आठवण येतेच. पण पैसेवारी एका हंगामाच्या पिकाची. पीक कापून घरी येतं, इथं बियाणंही पाण्यातच असतं. समजावताना वापरा, संज्ञा करू नका.

आणि ‘संयुक्त’ काढाच. करार संयुक्त, साठा सामाईक. सातबाऱ्यावर भावांची नावं एकत्र असतात तसा. या माशाची खातेफोड होत नाही: हिवाळ्यात दक्षिणेकडे अंडी घालतो, उन्हाळ्यात उत्तरेला चढतो, मोठे मासे जास्त लांब, कॅनडाच्या पाण्यापर्यंत. म्हणून मोजणी एकच. 2003 च्या करारानं वाटे ठरलेत, अमेरिकेला 73.88 टक्के, कॅनडाला 26.12, पण ते पकडीचे.

साकोलीहून: ‘सामाईक मत्स्यसाठ्याचा अंदाज’ करतोय. म्हाताऱ्यांना ‘सामाईक’ लगेच कळलं: “म्हंजे भांडन असनच.” पकडीचा ‘कोटा’ मात्र कोटाच ठेवतो, रेशनमुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे.