स्पंज उकळल्यावर किती दिवस चालतो?
ताई, भांडी घासायचा स्पंज दर रविवारी पाण्यात उकळला की महिनाभर चालतो, असं तुम्ही लिहिलंय. उकळल्याने बरेच जंतू मरतात हे खरं, पण फोमच्या आतल्या छिद्रांत अडकलेलं खरकटं तिथंच राहतं आणि उरलेले जंतू त्यावरच पुन्हा वाढतात. 2017 साली जर्मनीतल्या संशोधकांनी घरांतले वापरलेले 14 स्पंज तपासले. नियमित साफ केलेल्यांत जंतू कमी नव्हतेच, उलट कुबट वास आणणारी जात जास्त होती. स्पंज आठवड्याला बदला, असा त्यांचा सल्ला आहे.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. नळ आठ-आठ दिवस येत नाही, म्हणून भांडी टबात विसळतात आणि स्पंज त्याच गढूळ पाण्यात नाहीतर साबणाच्या वाटीत भिजत पडतो. सगळं बिघडतं ते इथं. भांडी झाली की तांब्याभर चांगल्या पाण्यात तो दोन-तीनदा पिळा, मुठीत दाबून थेंब पडेना इतका, आणि खिडकीच्या गजाला चिमट्याने टांगा. उन्हाळ्यात काही तासांत कडकडीत वाळतो. पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा दोन ठेवून आलटून पालटून वापरा. कच्च्या मटणाच्या भांड्यांना घासणी वेगळीच हवी, आणि त्या घासणीने ओटा तर अजिबात पुसू नका.

शेतात गिलके (घोसाळी) वेलावरच वाळले असतील तर स्पंजऐवजी त्यांचीच घासणी करा: साल काढून, बिया झटकून चार बोटं रुंद तुकडे कापा. जाळी मोकळी असल्याने ती फोमपेक्षा लवकर वाळते, आणि काळी पडली की सरळ उकिरड्यात टाकता येते.